शांतता समिती सणापुरती की बारमाही?

दाभोळखाडी (मूळ लेख; पुढे टोपणनावांनी आलेले प्रतिसाद)

शिमग्याच्या किंवा ईदच्या चार दिवस आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते, चहा होतो, वहीत सह्या होतात आणि पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, पोहोचली की ती समिती पुढच्या सणापर्यंत कोणाला आठवत नाही. माझे म्हणणे असे की मुसलमानांची जमात, बौद्धजन संघ, कुणबी मंडळ, मच्छिमार सोसायटी आणि मुंबईकर गावकऱ्यांचे मुंबई मंडळ यांनी मिळून वर्षभर चालणारा गट उभारावा आणि त्याने दोनच कामे करावीत: अफवेची वेळीच शहानिशा करणे, आणि जात वा धर्म पाहून कोणाला मारहाण किंवा धमकी झाली तर त्याच्यासोबत ठाण्यात जाणे.

गेल्या शिमग्यात आमच्या गावच्या ग्रुपवर मध्यरात्री एक चित्रफीत आली. ‘आपल्या जेटीवर आपल्या पोरांना मारले’ असा मजकूर तिच्याखाली होता आणि पहाटेपर्यंत दोन वाड्यांतली पोरे काठ्या घेऊन रस्त्यावर आली होती. जमातीच्या सेक्रेटरींनी ती चित्रफीत ओळखीच्या एका तांडेलाला (होडीच्या प्रमुखाला) दाखवली. त्याने मागे नांगरलेल्या होडीच्या नाळेवरचा (पुढच्या टोकावरचा) नोंदणी क्रमांक मोठा करून वाचला, तर तो परराज्यातला निघाला. त्या दोघांची जुनी ओळख होती म्हणून निभावले. अशी ओळख गावागावांत मुद्दाम घडवावी लागेल.

सावित्रीकाठ

गट एकत्र आले म्हणजे चांगलेच घडते, हे गृहीतक मला मान्य नाही. रायगडात गावकीने (गावच्या पंचमंडळींनी) कुटुंबे वाळीत टाकली तेव्हा गावकीही एकत्रच आली होती, तीही एकमताने. किराणा बंद, बोलणे बंद, लग्नाकार्याला कोणी जायचे नाही आणि जो जाईल त्याला दंड! अशा प्रकारांमुळेच राज्याला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तो जुलै 2017 पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. तुमच्या गटात बसणार कोण, तर त्याच मंडळांचे अध्यक्ष. ते पीडिताला ठाण्यात नेतील, की गावाच्या अब्रूसाठी देवळात बसवून प्रकरण मिटवतील?

नुसता ठराव करूनही भागत नाही: महाड नगरपालिकेने 1924 मध्येच चवदार तळे सर्वांना खुले केले होते. प्रत्यक्षात पाणी घेण्यासाठी 20 मार्च 1927 उजाडावा लागला आणि त्याच दिवशी ‘आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ अशी आवई उठवून परिषदेला आलेल्यांना मारहाण झाली.

दाभोळखाडी

महाडची दुसरी बाजूही सांगायला हवी. मार खाणाऱ्यांपैकी काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला, नगरपालिकेतले सुरेंद्रनाथ टिपणीस सत्याग्रहाच्या बाजूने उभे राहिले आणि डिसेंबरच्या परिषदेला कोणी जागा देईना तेव्हा ती फत्तेखान यांनी दिली. ठराव निकामी ठरला तिथे ही माणसे कामाला आली. माझा भर अशा माणसांवर आहे. अध्यक्ष कोण होईल याच्याशी मला देणेघेणे नाही.

मिऱ्याबंदर

मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. भडकवणारी भाषणे करायला वक्ते बाहेरून येतात आणि निस्तरायचे मात्र गावाने. द्वेषपूर्ण भाषणाबद्दल तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा, असे सर्वोच्च न्यायालयाने 28 एप्रिल 2023 रोजी सर्व राज्यांना बजावले आहे. पोलिसांनी तेवढे केले तरी निम्मे काम होईल.

बर्मिंगहॅमवासी कोकणी

सावित्रीकाठ यांची भीती रास्त आहे, पण तिच्यावर उपाय आहे. 1993 मध्ये लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाला. त्या तपासातल्या हलगर्जीपणावरच्या मॅकफर्सन अहवालाने 1999 मध्ये सांगितले की पीडिताला किंवा अन्य कोणालाही घटना वांशिक वाटली, तर पोलिसांनी ती तशीच नोंदवावी. ठाण्यात जायला कचरणाऱ्यांसाठी इथे ग्रंथालये आणि वस्तीतली केंद्रे तक्रार लिहून घेतात आणि पुढे पाठवतात. तिथला माणूस खरे-खोटे ठरवत नाही, समेटही घडवत नाही. आपल्या गटालाही निवाड्याचा अधिकार देऊच नये.

कोर्टाच्या पायरीवरून

आपल्याकडेही वाट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गाने देता येते; तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही मात्र करावी लागते. माझ्या अनुभवात अशील गळतो तो याच तीन दिवसांत, कारण तेवढ्यात मामा, सरपंच, मुंबईचा चुलता असे सगळे समजवायला येतात. सोबत जाणाऱ्या माणसाची गरज तिथे आहे. ॲट्रॉसिटीच्या प्रकरणांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व सनियंत्रण समिती असते आणि तिने तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक घ्यावी असा नियम आहे; गटाने त्या बैठकांची तारीख आणि इतिवृत्त मागत राहिले तरी पुष्कळ झाले.

सावित्रीकाठ

निवाडा करणार नसाल तर माझा अर्धा विरोध मावळतो. उरलेला असा: आंब्याच्या बागेतला नेपाळी राखणदार आणि ट्रॉलरवरचा परप्रांतीय खलाशी तुमच्या कोणत्या मंडळात बसतो? चोरीचा संशय आला की पहिली थप्पड त्याच्याच गालावर पडते. त्याची जमात इथे नाही, वाडी नाही, मुंबई मंडळही नाही.

दाभोळखाडी

खलाशांच्या ओळखपत्रांच्या प्रती आमच्याकडे सोसायटीच्या कचेरीत असतात, म्हणून त्यांची जबाबदारी सोसायटीने घ्यावी असे मी सुचवीन.

सावित्रीकाठ

आणि थप्पड मारणारा नौकामालकच सोसायटीचा संचालक असेल तर? त्या खलाशासोबत दुसऱ्या समाजाचा माणूस जाईल, असे गटाच्या नियमांत आधीच लिहून ठेवणार असाल तर माझे नाव घ्या, नाहीतर नको.