ग्लिओब्लास्टोमात (मेंदूच्या आक्रमक कर्करोगात) व्होर्टिऑक्सेटिन आत्ताच का देऊ नये?

कडूकाढा: झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या बेरेंड स्नाइडर यांच्या गटाने शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींच्या ताज्या पेशींवर शंभरहून जास्त औषधं तपासली. २०२४ मध्ये निकाल आला: व्होर्टिऑक्सेटिन, म्हणजे नैराश्याची साधी गोळी, सरस ठरली. उंदरांतही फायदा दिसला. मेंदूत पोचते, जेनेरिक मिळते. टेमोझोलोमाइड (नेहमीची केमो) आणि रेडिएशन देऊनही रुग्ण जेमतेम सव्वा वर्ष काढतात. रुग्णांवरची चाचणी संपेपर्यंत हातावर हात ठेवून का बसायचं?

हिशोबनीस: असहमत. रोज २० मिग्रॅ (ही कमाल मात्रा) घेतल्यावर रक्तातली शिखर पातळी ३३ नॅनोग्रॅम प्रति मिली, म्हणजे ०.११ मायक्रोमोलर. त्यातलं ९८ टक्के प्रथिनांना चिकटलेलं. मोकळं उरतं २ नॅनोमोलर! प्रयोगशाळेच्या डिशमध्ये पेशींवर परिणाम दिसतो ते आकडे मायक्रोमोलरमध्ये, म्हणजे हजारपट मापात, असतात.

कडूकाढा: रक्त म्हणजे मेंदू नव्हे. मेदात विरघळणारी अशी औषधं मेंदूच्या ऊतीत रक्तापेक्षा जास्त साठतात. त्यात अर्धायुष्य (पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) ६६ तास.

हिशोबनीस: साठतं ते मेदाला चिकटून. काम करतं ते मोकळं औषधच. आणि व्हॅल्प्रोएट, ते फिट्सचं औषध, विसरलात का? २०११ मध्ये एका जुन्या चाचणीचे आकडे पुन्हा चाळल्यावर आयुष्य वाढल्यासारखं दिसलं. २०१६ मध्ये १,८६९ रुग्णांचा एकत्र हिशोब मांडला, फायदा गायब.

रात्रपाळी: डिश राहू द्या, केसपेपर बघा. फिट्ससाठी फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन चालू असेल तर ती यकृतातली एन्झाइम्स वाढवतात आणि व्होर्टिऑक्सेटिनची पातळी पाडतात. तुमचे २ नॅनोमोलरही मिळणार नाहीत. लेव्हेटिरासिटॅम या फिट्सच्या दुसऱ्या औषधाने हा घोळ होत नाही, पण त्याने चिडचिड आणि उदासी येते ती वेगळीच. दुसरं, नैराश्याच्या या गटातल्या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरतं. उतरलं की फिट येते, आणि सगळे गाठ वाढली म्हणून एमआरआयकडे धावतात. तिसरं प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी. टेमोझोलोमाइडचं पुढचं चक्र १ लाखाच्या खाली सुरू करत नाहीत, पण इथे आकडा बरा दिसला तरी फसगत होते: प्लेटलेटमधलं सेरोटोनिन कमी झाल्याने ती नीट चिकटतच नाही. ताज्या शस्त्रक्रियेनंतर मेंदूत रक्तस्राव परवडेल?

हिशोबनीस: म्हणूनच मात्रा चाचणीतून ठरावी. ओलान्झापिनचं बघा, मूळचं मनोविकाराचं औषध. टाटा मेमोरियलच्या चाचणीत २.५ मिग्रॅने केमोची उलटी १० मिग्रॅइतकीच रोखली आणि पहिल्या दिवसाची तीव्र गुंगी ४० वरून ५ टक्क्यांवर आली.

कडूकाढा: ते उलटीचं औषध म्हणून, गाठीवर नव्हे. उदाहरण गैरलागू. बरं, चाचणीचं मान्य. पण ज्याला खरंच नैराश्य आहे त्याला एस्सिटालोप्राम या नैराश्याच्या नेहमीच्या गोळीऐवजी हीच निवडली तर बिघडतं काय?

रात्रपाळी: काही नाही. आधी फेनिटॉइन बदला. १० मिग्रॅने सुरुवात, मळमळ सोसली नाही तर ५. दोन आठवड्यांनी सोडियम. आणि केसपेपरवर 'नैराश्यासाठी' असंच लिहा, नातेवाइकांनाही तेच सांगा.