बीए इंग्रजी केलंत, पुढे काय झालं? तुमचे अनुभव हवेत

माझी भाची बारावीला आहे, कराडजवळच्या गावात. कला शाखा, दहावीला ८८ टक्के. घरच्यांचं म्हणणं नर्सिंग कर, आणि ही म्हणते इंग्रजी घेऊन बीए करणार. बहिणीचा फोन आला, "तूच केलंस ना इंग्रजी, मग तूच सांग तिला, काय मिळतं त्यात." सांगायला बसले तेव्हा लक्षात आलं, मला फक्त माझं ठाऊक आहे, तेही पंचवीस वर्षांपूर्वीचं. म्हणून विचारते. ज्यांनी ज्यांनी बीएला इंग्रजी स्पेशल घेतलं, मध्येच सोडलं असेल तरी, त्यांनी लिहा. कुठल्या माध्यमातून आलात, पहिला पगार कशाचा मिळाला आणि तेव्हा कुणी काय सांगायला हवं होतं. उपदेश नको, घडलेलं सांगा.

सुरुवात माझ्यापासून. बारामती तालुक्यातलं कॉलेज, पुणे विद्यापीठ, २००१ ला टीवाय. नाटक, कविता, कादंबरी, समीक्षा असे पेपर. मॅडम धडा मराठीत समजावून सांगायच्या आणि आम्ही उत्तरं गाईडमधून पाठ करायचो. ५८ टक्के मिळाले तोवर एकही इंग्रजी कादंबरी सबंध वाचलेली नव्हती. वाचायला शिकले ते पुण्यात, अप्पा बळवंत चौकाजवळ एका शालेय पुस्तकांच्या प्रकाशकाकडे मुद्रितशोधनाला लागल्यावर. महिना २,२०० रुपये. तिथल्या एका ज्येष्ठ काकांनी पहिल्याच आठवड्यात हातात लाकडी पट्टी दिली. ती ओळीखाली धरायची आणि ओळ शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे वाचायची, म्हणजे नजर अर्थाबरोबर पळत सुटत नाही. स्वल्पविराम म्हणजे काय, क्रियापद कुणाचं, हे मला त्या पट्टीनं शिकवलं. आजही संपादनाचंच काम करते. पदवीनं नोकरीचं दार उघडलं हे खरं, पण काम करण्याइतकं इंग्रजी पदवीनं दिलं नव्हतं.

सासवड, २०१० ची बॅच

ताई, गाईडचं अगदी खरं. पण आमच्याकडे एक दिवस वेगळा उजाडला, तो सांगतो. सरांनी अरुण कोलटकरांच्या 'जेजुरी'तल्या काही कवितांच्या झेरॉक्स वाटल्या. १९७६ चं इंग्रजी पुस्तक, पुढच्या वर्षी राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळालेलं. आम्हाला नावही माहीत नव्हतं, आणि जेजुरी आमच्यापासून एसटीनं अर्ध्या-पाऊण तासावर! त्यात एक म्हातारी आहे, पन्नास पैशांसाठी बाही धरून मागे मागे येणारी. आमच्या वर्गातल्या प्रत्येकानं ती पाहिलेली. एकाची तर आजीच गडाच्या पायऱ्यांवर भंडारा विकायची. तो मुलगा दोन वर्षांत वर्गात कधी तोंड उघडून बोलला नव्हता. त्या दिवशी उभा राहिला आणि दहा मिनिटं बोलला. निम्मं इंग्रजी, निम्मं मराठी. म्हातारीकडे बघणाऱ्या माणसाची नजर शेवटी कशी बदलते हे त्यानं जसं सांगितलं, तसं मी पुढे एमएलाही कुणाकडून ऐकलं नाही. सरांनी त्याची एकही चूक मध्ये थांबवून दुरुस्त केली नाही.

त्या तासानं मला शिक्षक व्हायचं ठरवायला लावलं. एमए केलं, मग बीएड. ते तेव्हा नुकतंच, २०१५ पासून, दोन वर्षांचं झालं होतं. २०१७ च्या डिसेंबरात शिक्षक अभियोग्यता चाचणी दिली, गुण थोडक्यात कमी पडले. पुढची चाचणी २०२३ ला. मधली पाच वर्षं क्लासमध्ये शिकवून आणि घरची अंजिराची बाग बघून काढली. २०२४ ला पवित्र पोर्टलमधून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन शिक्षकभरतीतून, निवड झाली. आता नववी-दहावीला इंग्रजी शिकवतो. मुलांना शिक्षक व्हायचं असेल तर एवढंच सांगतो, परीक्षेची तयारी करा आणि वाट बघण्याचीही करा. घरात तेवढा दम आहे का ते आधी बघा.

मराठवाडा, एमए, सेट

नाव-गाव लिहीत नाही, अजून त्याच संस्थेत आहे.

२०१४ ला सेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राज्याची पात्रता परीक्षा, पास झालो. गावात पेढे वाटले, आईला वाटलं पोरगा प्राध्यापक झाला. तेव्हापासून तासिका तत्त्वावर शिकवतोय. सीएचबी म्हणतात त्याला. जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीत काही नाही, दरवर्षी जुलैत नव्यानं मुलाखत, नव्यानं अर्ज. मानधनाचं बिल कधी चार महिन्यांनी निघतं, कधी शैक्षणिक वर्ष संपल्यावर. मुलगी पहिलीत गेली त्या वर्षी तिची फी भरायला मोटारसायकल विकली. हे दया यावी म्हणून लिहीत नाही. भाचीला 'नेट-सेट केलं की प्राध्यापक' असं कुणीतरी नक्की सांगेल, म्हणून लिहितोय.

नेट-सेट ही पात्रता आहे, नेमणूक नव्हे. नेट म्हणजे तशीच देशपातळीवरची परीक्षा. तिला दोन पेपर, मिळून १५० प्रश्न, ३०० गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. परीक्षेला बसलेल्यांपैकी साधारण ६ टक्केच पात्र ठरवले जातात. त्या ६ टक्क्यांत येऊनही कायम जागेची जाहिरात निघेलच असं नाही. निघाली तर ती कोणत्या संस्थेत, कोणत्या प्रवर्गात आणि कोणत्या 'अटींवर', हे या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ, मिळाली तर गोष्ट वेगळी. पीएचडीची काही वर्षं तरी सन्मानानं जातात. म्हणून नुसती पात्रता नव्हे, जेआरएफचं लक्ष्य ठेव म्हणावं तिला.

शिकवायला मात्र मला आजही आवडतं. सकाळी साडेसातचा तास असतो. ऊसतोड कामगारांची दोन मुलं पहिल्या बाकावर बसतात, दिवाळीनंतर महिना-दोन महिने दिसत नाहीत, परत येतात तेव्हा मागचं सगळं विचारून घेतात. त्यांच्यासाठी मी वेगळा बसतो. त्या तासांचं बिल होत नाही.

अमरावती, सध्या पुणे

मी जे लिहिणार आहे ते वीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मराठी माध्यम, बीए इंग्रजी ६२ टक्के, कॉलेजात दुसरी. २००६ ला पुण्यात कॉल सेंटरच्या मुलाखतीला गेले. समोरच्या मुलीनं इंग्रजीत स्वतःबद्दल सांगायला सांगितलं. मला नाव सांगता आलं, गाव सांगता आलं, पुढे शब्दच नाही. रोमँटिक कवींवर आठ पानं लिहून आलेली मी, तीन वाक्यं बोलू शकले नाही. बाहेर येऊन जिन्यात बसून रडले. खोलीवरच्या मैत्रिणीला सांगितलं, जागा भरल्या होत्या.

नंतर सहा महिने रोज रात्री रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या ऐकायच्या आणि मोठ्यानं पुन्हा म्हणायच्या. एवढंच केलं. चौथ्या मुलाखतीत घेतलं. रात्रीची पाळी, पहाटे पाचला कॅब घरी सोडायची. दोन वर्षांनी तिथेच नव्या मुलांना शिकवायला लागले आणि आता परदेशी जाणाऱ्यांना द्यावी लागणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करून घेते. बोलण्याची चाचणी ११ ते १४ मिनिटांचीच असते, पण माझ्यासारख्या गावांतून आलेल्या मुलामुलींना त्या मिनिटांची किती भीती वाटते ते मला माहीत आहे. त्यातली काही इंग्रजीच्या एमए असतात. बोलण्याचा सराव कॉलेज करून घेईल याची वाट बघू नकोस, एवढं भाचीला सांगा. पहिल्या दिवसापासून मोठ्यानं वाच म्हणावं, भिंतीला ऐकव, म्हशीला ऐकव.

सोलापूर

थोडक्यात. बीएला इंग्रजीसोबत हिंदी ठेवलं होतं, मग इंग्रजीत एमए. कर्मचारी निवड आयोगाची कनिष्ठ हिंदी अनुवादकाची परीक्षा असते, तिला हिंदी किंवा इंग्रजी यांपैकी एकात एमए आणि दुसरी भाषा पदवीला लागते. आमच्या वर्गात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, मला रेल्वेतल्या मामांनी सांगितलं. दुसऱ्या प्रयत्नात झालं. दुय्यम विषय निवडताना दहा मिनिटं जास्त विचार करा.

मुंबई, मूळ माण तालुका

मी बीएनंतर तीन वर्षांचं एलएलबी केलं. सीईटी द्यावी लागते आणि खुल्या गटाला पदवीत ४५ टक्के लागतात. इंग्रजीच्या मुलांना हा रस्ता फार कमी सुचवला जातो, याचं मला नेहमी वाईट वाटतं. कठीण परिच्छेद चार वेळा वाचायची सवय आम्हाला असते आणि वकिलीत तीच लागते.

पण माझं पोट ज्यावर आहे ते सांगते. उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, घटनेच्या कलम ३४८ प्रमाणे. आणि खालून येणारे कागद मराठीत असतात. सातबारा, फेरफार, पंचनामा, जबाब, मृत्युपत्र. प्रत्येकाचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. ज्या वकीलबाईंकडे मी शिकाऊ म्हणून लागले, त्यांनी पहिल्या दिवशी एक जुना सातबारा पुढे टाकला. त्यात 'पोटखराबा' होता. ऑफिसात तीन जण कॉन्व्हेंटमध्ये शिकलेले, इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं, पण शब्द कुणालाच लागेना. मी वडिलांना फोन लावला. ते म्हणाले, "अगं, आपल्या ओढ्याकडचा कातळ नाही का, तो पोटखराबा. त्याला सारा नसतो." मग कळलं, पोटहिश्शातलं पोट आणि हे पोट एकच, म्हणजे आतला भाग. मूळ शब्द रोमन लिपीत तसाच ठेवला आणि शेजारी इंग्रजीत अर्थ लिहिला, धारण जमिनीतलं लागवडीला न येणारं क्षेत्र. बाईंनी वाचलं आणि त्या आठवड्यातले सगळे मराठी कागद माझ्या टेबलावर आले.

मला आयुष्यभर वाटायचं, मराठी माध्यम हा माझा कमीपणा आहे. आज एका पानाचे मला जे पैसे मिळतात ते मला दोन्हीकडचं कळतं म्हणून मिळतात. विंदा करंदीकर इंग्रजी शिकवायचे, नेमाडे इंग्रजी शिकवायचे, ग. प्र. प्रधान इंग्रजी शिकवायचे. त्यांच्यापैकी कुणी मराठी सोडली का? भाचीला म्हणावं, इंग्रजी घे, पण मराठी वाचन एक दिवसही थांबवू नकोस.

नाशिक, २०१९ ची बॅच

मी कंटेंट रायटर होतो. शब्दाला ४० पैसे, दिवसाला दोन-अडीच हजार शब्द, पर्यटन, साड्या, दातांचे दवाखाने, मिळेल ते. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि पुढच्या दिवाळीपर्यंत माझी पाचपैकी चार गिऱ्हाईकं गेली. वाईट वाटलं, पण ते लिखाण मी नसतो तरी कुणीही करू शकलं असतं, हेही खरं. आता औषध कंपन्यांच्या रुग्णपत्रिका इंग्रजीतून मराठीत आणतो. यंत्र पहिला मसुदा देतं आणि मी बघतो की 'रिकाम्या पोटी' आणि 'जेवणाआधी' यांत गफलत झालेली नाही ना. जबाबदारीचं काम आहे, सही माझी असते. काम कमी मिळतं, पण दर बरा आहे.

वरच्या वकील ताईंचं वाचून वाटलं, मलाही असं कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

कोल्हापूर

बँकेत आहे. पदवी कुठलीही चालते, इंग्रजीमुळे परीक्षेतला इंग्रजीचा भाग सोपा गेला, गणितानं दोनदा पाडलं. वाचन अजून चालू आहे, रोज रात्री तासभर. बीएनं दिलेलं तेवढं एक माझ्याजवळ आहे आणि ते मला पुष्कळ आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मराठवाड्यातल्या सरांचं वाचून रात्री झोप आली नाही. सर, त्या दोन मुलांना तुम्ही आयुष्यभर आठवाल.

रविवारी कराडला गेले होते. हे सगळं भाचीला मोठ्यानं वाचून दाखवलं. बहीणही ऐकत होती, भाकऱ्या थापता थापता. कॉल सेंटरच्या जिन्यातलं ऐकताना तिचे हात थांबले. नंतर म्हणाली, "नर्सिंगचा फॉर्म पण भरून ठेवू, बाकी तिचं ती बघेल." भाची काहीच बोलली नाही. जेवणं झाल्यावर बघते तर आजोबांच्या पेटीतला सातबारा काढून ओसरीवर बसलेली, शेजारी वही. एकेक शब्द डावीकडे लिहिला होता, उजवी बाजू बरीचशी कोरी. मला बघून विचारलं, "मावशी, 'विहीर, सामाईक' याला काय लिहायचं? आपली विहीर चुलत्यांबरोबर आहे ना, तशी."

मला पटकन सांगता आलं नाही. वकील ताई, तुम्ही सांगाल का?