बॅकअपचा अहवाल रोज हिरवा, पण रीस्टोअरला बारा तास: दोष नेमका कुठे शोधावा?

चाकण_आयटी (प्रश्न)

नमस्कार. चाकण औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याची संगणक व्यवस्था माझ्याकडे आहे. ईआरपीचा (कारखान्याचे सर्व व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) डेटाबेस एसक्यूएल सर्व्हरवर असून तो सुमारे ४ टीबीचा आहे. याशिवाय ड्रॉइंग्ज, तपासणी अहवाल आणि गुणवत्ता विभागाची कागदपत्रे ठेवलेला ९ टीबीचा एक फाइल सर्व्हर आहे आणि त्यावर सव्वा कोटीच्या आसपास लहान-मोठ्या फाइली आहेत.

डेटाबेसचा फुल (संपूर्ण) बॅकअप दर शनिवारी रात्री, डिफरन्शियल (फुलनंतर बदललेल्या भागाचा) रोज आणि लॉग बॅकअप (व्यवहारांच्या नोंदींचा) दर पंधरा मिनिटांनी होतो. सर्व बॅकअप १० गिगाबिटच्या नेटवर्कवरून एका डीडुप स्टोरेजवर (सारखा डेटा एकदाच साठवणाऱ्या यंत्रावर) जातात. डीडुप नीट व्हावे म्हणून डेटाबेसचे बॅकअप आम्ही कॉम्प्रेस करत नाही. आठवड्यातून एकदा त्यांची प्रत एलटीओ-८ (चुंबकीय टेपच्या आठव्या पिढीच्या) टेपवर निघते आणि टेप पुण्यातील कार्यालयात नेऊन ठेवल्या जातात. याखेरीज सर्व व्हर्च्युअल मशिनांचा स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या स्थितीचा) बॅकअप रविवारी पहाटे वेगळ्या सॉफ्टवेअरने घेतला जातो.

आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकानुसार आपत्कालीन योजना, सायबर हल्ल्यासकट, प्रत्यक्ष तपासून पाहावी लागते. ग्राहकाच्या ऑडिटरने या वेळी कागदावर न थांबता रीस्टोअर करून दाखवा असे सांगितले, म्हणून गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीत एका नव्या सर्व्हरवर डेटाबेस रीस्टोअर केला. फुल बॅकअप घ्यायला तीन तास लागतात, तोच परत आणायला बारा तास लागले. त्यातही पहिले दोन तास प्रगती शून्य टक्क्यांवरच होती. त्यानंतर डिफरन्शियल लावताना ३१३६ क्रमांकाची एरर आली आणि डेटाबेस योग्य आधीच्या स्थितीला आणलेला नाही, असा संदेश दिसला. बॅकअपच्या सर्व जॉबचे अहवाल गेले कित्येक महिने हिरवे आहेत.

डीडुप स्टोरेजमधून वाचन मंद असते असे ऐकून आहे. ते बदलण्याचा प्रस्ताव व्यवस्थापनाकडे न्यावा का?

डीबीए_औंध

प्रस्ताव तूर्त थांबवा. आपण दिलेल्या आकड्यांतच बरेचसे उत्तर आहे.

बारा तासांतून शून्य टक्क्यांचे दोन तास वजा केले तर दहा तासांत ४ टीबी आले, म्हणजे सेकंदाला साधारण १११ एमबी. एक गिगाबिटच्या लिंकवरून प्रत्यक्षात जास्तीत जास्त ११० ते ११८ एमबी एवढाच वेग मिळतो. डीडुपमुळे वाचन मंदावते तेव्हा वेग असा एका पातळीवर स्थिर राहत नाही, तो वर-खाली होत राहतो. बॅकअप घेताना आपल्याला सेकंदाला ३७० एमबीचा वेग मिळतो आहे, तेव्हा मुख्य सर्व्हर १० गिगाबिटवर आहे यात शंका नाही. नवा सर्व्हर मात्र कुठेतरी एक गिगाबिटच्या वाटेने जात असावा. स्विचचा पोर्ट, पॅच केबल आणि बॅकअप स्टोरेजचे नाव कोणत्या आयपी पत्त्याकडे नेते आहे, या तीन गोष्टी त्याच क्रमाने पाहा.

शून्य टक्क्यांच्या दोन तासांचे कारण बहुतेक वेगळे आहे. एसक्यूएल सर्व्हर रीस्टोअर सुरू करण्यापूर्वी डेटा फाइली डिस्कवर तयार करतो आणि इन्स्टंट फाइल इनिशियलायझेशनची परवानगी नसेल तर त्या पूर्ण ४ टीबी शून्यांनी भरून काढतो. तो वेळ टक्केवारीत दिसत नाही. विंडोजच्या सुरक्षा धोरणात ‘परफॉर्म व्हॉल्यूम मेंटेनन्स टास्क्स’ हा अधिकार एसक्यूएलच्या सर्व्हिस अकाउंटला द्या आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करा. लॉग फाइल मात्र तरीही शून्यांनी भरली जाते, त्यामुळे कोणी लॉग फाइल विनाकारण काहीशे जीबीची करून ठेवली असेल तर ती आधी आवरा.

आता ३१३६. डिफरन्शियल बॅकअप हा त्याच्या अगोदरच्या शेवटच्या फुल बॅकअपवर उभा असतो, मग तो फुल कोणीही घेतलेला असो. आपला फुल शनिवारी रात्री होतो आणि रविवारी पहाटे दुसरे सॉफ्टवेअर व्हीएसएस या विंडोजमधील सोयीच्या मार्फत स्नॅपशॉट घेते. त्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉपी ओन्ली’ (नेहमीच्या क्रमात न धरली जाणारी प्रत) हा पर्याय निवडलेला नसेल, तर एसक्यूएल सर्व्हरच्या दृष्टीने तो स्नॅपशॉट हाच नवा फुल बॅकअप ठरतो आणि आठवडाभराचे सर्व डिफरन्शियल त्याच्यावर टेकतात. शनिवारच्या फुलशी त्यांचा संबंध उरत नाही. प्रत्येक जॉब आपापल्या परीने यशस्वी असल्यामुळे अहवाल हिरवेच राहतात.

खात्री करण्यासाठी एमएसडीबी या एसक्यूएल सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदींच्या डेटाबेसमधला बॅकअपसेट तक्ता उघडा. रविवार पहाटेच्या वेळेची, प्रकार ‘डी’ (म्हणजे फुल) असलेली, ‘इज स्नॅपशॉट’ मध्ये १ आणि ‘इज कॉपी ओन्ली’ मध्ये ० असलेली ओळ सापडली, तर चोर तोच.

दिलासा एवढाच की मध्येच झालेल्या फुल बॅकअपमुळे लॉगची साखळी तुटत नाही. शनिवारच्या फुलवर त्यानंतरचे सर्व लॉग ओळीने लावले तर डेटाबेस हव्या त्या वेळेपर्यंत आणता येतो. मात्र पंधरा मिनिटांच्या हिशेबाने दिवसाला ९६ लॉग होतात, म्हणजे शुक्रवारी आपत्ती आली तर साडेपाचशेच्या आसपास फाइली लावाव्या लागतील. त्यासाठी स्क्रिप्ट आजच लिहून ठेवा. स्नॅपशॉट घेणारे सॉफ्टवेअर ‘ॲप्लिकेशन अवेअर’ पद्धतीत लॉगसुद्धा ट्रंकेट करते (जुन्या नोंदी काढून टाकते) का, हेही पाहून घ्या. तसे असेल तर साखळीही तुटलेली असेल आणि वरचा दिलासा मागे घ्यावा लागेल.

जुना_ॲडमिन

‘हिरवा अहवाल’ या विषयावर थोडेसे. गिटलॅब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाने जानेवारी २०१७ मध्ये आपल्याकडे चुकून मुख्य डेटाबेस खोडला गेल्याच्या घटनेचा सविस्तर अहवाल स्वतःहून प्रसिद्ध केला होता. त्यांचा पोस्टग्रेस डेटाबेसचा नेहमीचा डम्प (पूर्ण प्रत) आवृत्तीच्या विसंगतीमुळे निघतच नव्हता आणि त्याविषयीची अपयशाची ईमेल पत्रे डीमार्कच्या (पाठवणारा खरा आहे का हे पाहणाऱ्या) तपासणीत नाकारली जात होती, त्यामुळे कोणाला काही कळले नाही. शेवटी सुमारे सहा तासांपूर्वी हाताने घेतलेला डिस्कचा एक (एलव्हीएम) स्नॅपशॉट कामी आला. तक्रारीचे पत्र आले नाही म्हणजे काम झाले, असे धरून चालणारी व्यवस्था मुळातच उलटी असते. यशाचे पत्र अपेक्षित ठेवावे आणि ते ठरलेल्या वेळेत आले नाही तर भोंगा वाजावा.

रात्रपाळी

डेटाबेसविषयी वर नेमके लिहिले गेले आहे, पण माझ्या मते आपली खरी अडचण फाइल सर्व्हर ही आहे आणि आपण त्याची चाचणी घेतलेली दिसत नाही.

फाइली लहान आणि असंख्य असतात तेव्हा टीबीचा हिशेब उपयोगाचा नसतो. प्रत्येक फाइल तयार करणे, तिच्या परवानग्या लावणे, बंद करणे आणि अँटिव्हायरसने ती तपासणे हा खर्च फाइलगणिक होतो. सेकंदाला २०० फाइली परत येतात असे धरले, तरी १ कोटी २० लाख फाइलींना ६०,००० सेकंद, म्हणजे पावणेसतरा तास लागतील आणि त्या काळात नेटवर्क जवळजवळ रिकामे दिसेल. अशा वेळी १० गिगाबिटच्या जागी २५ गिगाबिट आणूनही एक मिनिट वाचत नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे फाइलनिहाय बॅकअपबरोबरच पूर्ण व्हॉल्यूमचा ब्लॉक पातळीवरचा बॅकअप घ्यावा. एखाद्याने चुकून खोडलेले ड्रॉइंग फाइलनिहाय बॅकअपमधून काढावे आणि सर्व्हरच गेला तर व्हॉल्यूम अखंड परत आणावा. दुसरा उपाय तांत्रिक कमी आणि बैठकीतला जास्त आहे. उत्पादन सुरू व्हायला सव्वा कोटी फाइली लागत नाहीत. चालू भागांची ड्रॉइंग्ज, नियंत्रण योजना आणि चालू वर्षाचे तपासणी अहवाल यांचा वेगळा व्हॉल्यूम करून तो आधी आणावा आणि बाकीचे मागाहून येऊ द्यावे. कोणते फोल्डर आधी, हे गुणवत्ता विभागाकडून लेखी घ्या. त्या रात्री प्रत्येक विभागप्रमुखाला आपलेच फोल्डर सर्वांत तातडीचे वाटते.

रीस्टोअर चालू असेपर्यंत नव्या सर्व्हरवरील अँटिव्हायरसची तत्क्षणी होणारी तपासणी थांबवावी, हा सल्ला सर्रास दिला जातो. रॅन्समवेअरनंतरच्या रीस्टोअरमध्ये तो पाळू नये.

टेप_आणि_तिजोरी

वरील चर्चा यंत्र बिघडले या गृहीतावर चालली आहे. हल्ला झाला असेल तर प्रश्न बदलतो, कारण ज्याच्या हाती डोमेन ॲडमिनचा (सर्व संगणकांवर अधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड लागतो तो एन्क्रिप्शन सुरू करण्यापूर्वी बॅकअप खोडतो. म्हणून काही गोष्टी विचारतो.

आपला बॅकअप सर्व्हर कारखान्याच्या डोमेनमध्ये आहे का? असल्यास बाहेर काढा आणि त्याची खाती वेगळी ठेवा. डीडुप स्टोरेजवर ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाही खोडता येणार नाही असे कुलूप लावण्याची सोय असेल तर ती वापरा, मात्र त्या यंत्राचे घड्याळ कोण बदलू शकतो हेही तपासा. घड्याळ पुढे ढकलून मुदत संपवता येत असेल तर त्या कुलपाला अर्थ नाही.

टेप एन्क्रिप्ट केलेल्या असतील तर त्यांची किल्ली कुठे आहे? बहुतेक ठिकाणी ती बॅकअप सर्व्हरवरच्याच डेटाबेसमध्ये असते आणि त्या डेटाबेसचा बॅकअप त्याच टेपवर असतो, म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच. किल्ली आणि बॅकअपचा कॅटलॉग (कोणत्या टेपवर काय आहे याची यादी) या दोहोंची प्रत तिसऱ्या ठिकाणी हवी. कॅटलॉग नसेल तर प्रत्येक टेप वाचून तो पुन्हा बांधावा लागतो. एलटीओ-८ चा मूळ वेग सेकंदाला ३६० एमबी आणि क्षमता १२ टीबी, म्हणजे एक भरलेली टेप पूर्ण वाचायला नऊ तासांहून अधिक वेळ जातो.

ड्राइव्हचेही असेच. एलटीओ-८ चा ड्राइव्ह फक्त एलटीओ-८ आणि एलटीओ-७ वाचतो. दोन पिढ्या मागे वाचण्याची जुनी सोय एलटीओ-७ च्या ड्राइव्हबरोबर संपली. सहाव्या पिढीच्या जुन्या टेप कपाटात असतील तर त्या वाचणारा ड्राइव्ह आहे का ते पाहा. हिशेबाची पुस्तके कंपनी कायद्यानुसार आठ वर्षे जपावी लागतात आणि ती इलेक्ट्रॉनिक असतील तर त्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोज घेण्याचे बंधन ऑगस्ट २०२२ च्या नियमदुरुस्तीपासून आहे. साप्ताहिक टेपने हा नियम भागत नाही.

शेवटचे, टेप पुण्यात कुठे ठेवता? सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याला आलेला पूर आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर शिरलेले पाणी पाहता, तळघर किंवा तळमजला नसलेला बरा.

चाकण_आयटी

सर्वांचे आभार. काल तपासणी केली.

वेगाबाबतचा अंदाज खरा निघाला, पण पोर्ट आणि केबल दोन्ही १० गिगाबिटचीच होती. मुख्य सर्व्हरच्या होस्ट्स फाइलमध्ये (नावांचे आयपी पत्ते ठेवणाऱ्या फाइलमध्ये) बॅकअप स्टोरेजच्या नावापुढे बॅकअप नेटवर्कचा पत्ता हाताने लिहिलेला आहे. ती ओळ पूर्वीच्या कोणी लिहिली, याची कुठेही नोंद नाही. नव्या सर्व्हरवर ती नसल्यामुळे डीएनएसने (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेने) त्याला स्टोरेजच्या मॅनेजमेंट पोर्टचा पत्ता दिला आणि तो पोर्ट एक गिगाबिटचा आहे. बॅकअपसेट तक्त्यात रविवार पहाटेची ओळ अगदी वर सांगितल्याप्रमाणेच सापडली. लॉग दुसरे कोणी ट्रंकेट करत नाही, साखळी शाबूत आहे. बॅकअप सर्व्हर मात्र डोमेनमध्येच आहे, तो बाहेर काढण्याचे काम सुरू केले आहे.

आता एक प्रश्न उरतो. व्यवस्थापनाला ‘किती तासांत सुरू होईल’ याचा एकच आकडा हवा आहे. नेटवर्कचा दोष दूर केल्यावर ४ टीबीला तीन तास धरून तो सांगावा का?

डीबीए_औंध

सांगू नका. तीन तास हा लिहिण्याचा वेग आहे, डीडुपमधून वाचण्याचा वेग अजून मोजायचा आहे. नव्या सर्व्हरवरून त्याच बॅकअपवर ‘रीस्टोअर व्हेरिफायओन्ली’ चालवा. हा आदेश संपूर्ण बॅकअप वाचतो, पण डिस्कवर काही लिहीत नाही, त्यामुळे निव्वळ वाचनाला लागणारा वेळ हाती येतो. मग प्रत्यक्ष रीस्टोअरचा वेळ त्याच्याशी ताडून पाहा. दोन्ही सारखे निघाले तर अडथळा वाचनात किंवा नेटवर्कमध्ये आहे, आणि रीस्टोअर बराच जास्त वेळ घेत असेल तर तो नव्या सर्व्हरच्या डिस्कमध्ये आहे. डीडुपच मंद निघाला तर यंत्र बदलण्याआधी शेवटचा एक फुल बॅकअप साध्या डिस्कवर, डीडुप न करता ठेवून पाहा. ४ टीबीची साधी जागा त्या प्रस्तावापेक्षा पुष्कळ स्वस्त पडेल.

होस्ट्स फाइलची ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रीस्टोअर जवळजवळ नेहमीच नव्या यंत्रावर होतो आणि जुन्या यंत्रावर वर्षानुवर्षे हाताने केलेले असे बदल कोणत्याही डेटा बॅकअपमध्ये दिसून येत नाहीत. रूटिंगच्या नोंदी, सर्व्हिस अकाउंटचे अधिकार, एसक्यूएलचे लॉगिन आणि एजंटचे जॉब (हे मास्टर आणि एमएसडीबीमध्ये असतात, ईआरपीच्या डेटाबेसमध्ये नव्हे), लिंक्ड सर्व्हर, ईआरपीचा परवाना ज्या मॅक पत्त्याला बांधला आहे तो पत्ता, हे सारे एका कोऱ्या सर्व्हरवर बसवून ईआरपीतून एक डिस्पॅच चलन प्रत्यक्ष छापले जाईपर्यंत घड्याळ थांबवू नका. येणारा आकडा तोच व्यवस्थापनाला द्या. त्यात ‘रीस्टोअर करायचा’ हा निर्णय घेण्यास लागणारा वेळ वेगळा दाखवा, कारण तो आपल्या हातात नसतो.

चेकडीबीचा (डेटाबेस शाबूत आहे का हे तपासणाऱ्या आदेशाचा) वेळही धरावा लागेल. ४ टीबीवर पूर्ण तपासणीला कित्येक तास लागू शकतात, म्हणून प्रथम ‘फिजिकल ओन्ली’ (फक्त साठवणुकीची रचना तपासणाऱ्या) पर्यायाने चालवून वापरकर्त्यांना आत घ्या. पूर्ण तपासणी त्यानंतरच्या गुरुवारी करा.