ब्लॉक युनिव्हर्स मानलं तरी भविष्य ठरलेलं कुठे होतं?

ब्लॉक युनिव्हर्स म्हणजे काल, आज, उद्या सगळं एकाच ठोकळ्यासारखं एकत्र आहे, असं विश्वाचं चित्र. त्याच्या बाजूने काहीजण म्हणतात की आइनस्टाइनच्या रिलेटिव्हिटीत सगळ्यांचा मिळून एकच 'आत्ता' नसतो, म्हणजे भविष्य आधीच ठरलेलंय. पहिलं मान्य, दुसरं नाही बुवा.

भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोजचं उदाहरण नाशकात आणू. अँड्रोमेडा ही गॅलेक्सी क्षितिजाजवळ आहे आणि गंगापूर रोडवर दोघं एकमेकांना क्रॉस करतायत, एक त्या दिशेने, दुसरा उलट. चाल साधीच, सेकंदाला दीड मीटर धरा, पण ती गॅलेक्सी 25 लाख प्रकाशवर्षं लांब असल्याने 'तिथे आत्ता काय चाललंय' यात दोघांचा साधारण नऊ दिवसांचा फरक पडतो, एकाच्या लेखी झालेलं दुसऱ्याच्या लेखी अजून व्हायचंय. असल्याच मुद्द्यावरून तत्त्वज्ञ हिलरी पुटनम 1967 साली म्हणाला की मग भविष्यही तितकंच खरं.

पण हा 'आत्ता' निव्वळ कागदावरचा हिशोब आहे, तिथलं आत्ताचं दोघांनाही दिसत नाही, प्रकाश पोचायलाच 25 लाख वर्षं! तत्त्वज्ञ हॉवर्ड स्टाइनने 1968 मध्ये नेमकं इथेच बोट ठेवलं: तुमच्यापुरतं घडून गेलेलं म्हणजे तुमच्या मागच्या लाइट कोनमधलं (म्हणजे जिथून निघालेला प्रकाश तुमच्यापर्यंत पोचू शकला असता तेवढंच), बाकी नाही. (तेव्हा कुंडलीवाल्यांना आइनस्टाइनचा पाठिंबा वगैरे व्हॉट्सॅपवर फिरवू नका प्लीज.)

बरं, धरू की चार मितींचा अख्खा ठोकळा आहेच. तरी 'आहे' आणि 'आजवरून उद्या ठरतो' या दोन वेगळ्या गोष्टी. रेडियम-226 ची हाफ लाइफ (निम्मे अणू फुटायला लागणारा काळ) साधारण 1600 वर्षं, पण त्यातला अमुक अणू कधी फुटणार हे क्वांटमच्या रूढ मांडणीत आधीच्या कशावरूनच निघत नाही. ठोकळ्यात तो क्षण असेलही, पण तोच का, यावर रिलेटिव्हिटी गप्प आहे.