अडेलचा 'ट्वेंटी वन' म्हणजे रडगाणं?

यावलची लेक: ब्रिटिश गायिका अडेलच्या 'ट्वेंटी वन'बद्दल काल इथे एकांनी लिहिलं, "अडेलचा दुसरा अल्बम म्हणजे एका ब्रेकअपवर अकरा गाणी रडणं. आपल्याकडे असली थेरं नव्हती." रात्रभर डोक्यातून जाईना. अकराही ऐकलीत का हो? 'रोलिंग इन द डीप' ही रड नाही, खडसावणं आहे. आणि शेवटचं 'समवन लाइक यू', नुसता पियानो आणि आवाज, त्यात ती त्याला जाऊ देते.

२०१२ साली माझा साखरपुडा मोडला. घरात कुणी विषय काढेना, केळीच्या भावावर मात्र तासन् तास बोलणं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीत कडुलिंबाला झोका बांधला, मला कुणी हाक मारली नाही. मी गच्चीवर हेच गाणं ऐकत बसले. हेडफोनची वायर पिनेपाशी चिमटीत धरली तरच दुसरा कान वाजायचा. तोवर 'माझं काय चुकलं' एवढंच डोक्यात होतं. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, माझं काही चुकलेलं नाही.

भुसावळकर काका: ताई, वाईट वाटलं. तरी स्वतःचं दुःख बाजारात मांडणं मला पटत नाही, सहा ग्रॅमी मिळोत नाहीतर साठ. आमच्या बहिणाबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. शेतात राबताना, जात्यावर दळताना गायल्या. अल्बम नाही काढला. अहिराणीतलं सोनं आहे ते!

धुळेकर: थांबा. बहिणाबाईंची भाषा अहिराणी नाही, लेवा गणबोली आहे. पुण्यामुंबईच्यांनी घोळ घातला तर समजू शकतो, भुसावळच्या माणसानं?

भुसावळकर काका: माझ्या आईच्या तोंडी तीच बोली होती, मला शिकवू नका. घाईत लिहिलं गेलं. शेजारच्या बोली आहेत, इकडचं तिकडे होतंच.

धुळेकर: 'होतंच' म्हणत म्हणतच आमनी अहिरानी मागे पडली. कॉलेजात पहिल्या दिवशी मी अहिराणीत बोललो तर अख्खा वर्ग हसला, सरसुद्धा. वर्षभर मी तोंड उघडलं नाही. लग्नात डीजेवर अहिराणी गाणी लावून नाचता आणि घरी पोरगं अहिराणी बोललं की "नीट बोल" म्हणता!

चोपडेकर: धुळेकरांचं खरं आहे. माझा मुलगा आजीशी हिंदीत बोलतो.

यावलची लेक: विषय कुठे नेलात! काका, बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी गाणी टिपली, अत्र्यांनी उचलून धरली, पुस्तक आलं १९५२ला. त्या १९५१लाच गेल्या. आपलं वैधव्य त्यांनीही गायलंय, आणि कपाळाचं कुंकू पुसलं तरी मनगटातलं बळ उरलंय हेही. मग त्यांचं ते सोनं आणि हिची ती थेरं कशी?

भुसावळकर काका: बरं, 'थेरं' मागे घेतो. खरं सांगतो, दोनच गाणी ऐकली होती, तीही नातीच्या मोबाइलवर. उरलेली ऐकतो. पण आईच्या बोलीवरून मला कुणी सुनावायचं नाही.

धुळेकर: मग तिचं नाव तरी नीट घ्या.