हाइझमन ट्रॉफी: कुठल्या विद्यापीठाच्या किती, आणि अलाबामा मागे का?

कोलंबसकर:
मंडळाच्या प्रश्नमंजुषेत ‘सर्वाधिक हाइझमन (अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी) कुणाकडे?’ हा प्रश्न घालायचाय. यूएससीच्या (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) ट्रॉफ्या एका यादीत ७, दुसरीत ८. ओहायो स्टेट कुठे ६, कुठे ७. धरायचं काय? आणि इतकी राष्ट्रीय विजेतेपदं असून अलाबामाच्या फक्त ४ कशा?

गोलपोस्ट:
ओहायो स्टेटचे खेळाडू ६, ट्रॉफ्या ७. आर्ची ग्रिफिनने १९७४ आणि १९७५ अशा लागोपाठ दोन नेल्या. दोनदा जिंकणारा तो एकटाच.

यूएससीचा घोळ रेजी बुशच्या २००५च्या ट्रॉफीचा. ती २०१०मध्ये परत गेली, २०२४मध्ये पुन्हा बहाल झाली. ७ची यादी दिसली तर तिच्यात केलेब विल्यम्स (२०२२) आहे का बघा. असेल तर बुश वगळलाय, नसेल तर यादी जुनी आहे. आजचं उत्तर ८. नोटर डेम, ओहायो स्टेट, ओक्लाहोमा प्रत्येकी ७. प्रश्नात ‘खेळाडू’ नको, ‘ट्रॉफ्या’च लिहा.

चौथा_डाउन:
मतदान बाद फेरीआधीच संपतं, त्यामुळे विजेतेपद इथे कामी येत नाही. १९५६मध्ये नोटर डेम १०पैकी ८ सामने हरलं, तरी ट्रॉफी त्यांच्याच पॉल हॉर्नंगला!

मतपत्रिकेवर तीन नावं, त्यांना ३, २, १ गुण. एकाच संघात दोन तगडे उमेदवार असले की मतं फुटतात. त्याच वर्षी ओक्लाहोमाच्या टॉमी मॅकडोनाल्डला पहिल्या पसंतीची मतं हॉर्नंगपेक्षा जास्त होती, पण सहकारी जेरी टब्सही शर्यतीत होता. मॅकडोनाल्ड तिसरा, टब्स चौथा. २००४मध्ये पुन्हा तेच: ओक्लाहोमाचेच दोघे, एड्रियन पीटरसन दुसरा, जेसन व्हाइट तिसरा, ट्रॉफी यूएससीच्या मॅट लायनर्टकडे.

अलाबामाची जुनी ताकद बचावात, आणि बचावपटूंना मतदार सहसा विचारत नाहीत. त्यात कोच बेअर ब्रायंटच्या विशबोनमध्ये (चेंडू घेऊन धावण्यावर भर देणारी आक्रमणाची रचना) चेंडू तीन-चार जणांत वाटला जायचा, एकाच्या नावावर यार्ड साचत नसत. पहिली ट्रॉफी थेट २००९ची, मार्क इन्ग्रमची, तीही अवघ्या २८ गुणांनी.

साइडलाइन:
विशबोनचं कारण अर्धंच पटतं. ओक्लाहोमाही विशबोनच खेळायची, तरी १९७८ला बिली सिम्स जिंकला.

अलीकडे कोचची पद्धत जास्त बोलते. लिंकन रायलीच्या हाताखाली ओक्लाहोमात बेकर मेफील्ड (२०१७) आणि कायलर मरी (२०१८) जिंकले. मग तो यूएससीला गेला, विल्यम्सही मागोमाग गेला, आणि ट्रॉफी यूएससीच्या खात्यात पडली. मेफील्ड आणि मरीसुद्धा दुसऱ्या विद्यापीठांतून आलेले.

कोलंबसकर:
म्हणजे ओहायो स्टेट सोडून गेलेला जो बरो आमचा धरायचा नाही?

गोलपोस्ट:
नाही. ज्या हंगामासाठी मिळाली, त्या हंगामातलं विद्यापीठ धरायचं. बरोची २०१९ची ट्रॉफी एलएसयूची (लुइझियाना स्टेट विद्यापीठ).