एनएफएलची सॅलरी कॅप ‘हार्ड’ आहे, तर संघ ती ओलांडून परत आत येतात कसे?

गोलपोस्ट

एनएफएल म्हणजे अमेरिकी फुटबॉलची लीग, आणि सॅलरी कॅप म्हणजे संघाने वर्षात खेळाडूंवर करायच्या खर्चाची मर्यादा. २०२५ची कॅप प्रत्येक संघाला २७ कोटी ९२ लाख डॉलर. एनबीएसारखा लक्झरी टॅक्स भरून वर राहण्याची सोय इथे नाही. तरीही फेब्रुवारीत चार-पाच कोटींनी वर दिसणारा संघ मार्चमध्ये एखादा महागडा खेळाडू घेऊन मोकळा होतो. रिस्ट्रक्चर हा शब्द माहीत आहे, पण त्यात नेमके काय हलवले जाते ते कुणी आकड्यांत मांडेल का? दुसरे म्हणजे, काही खेळाडूंना काढून टाकले तर कॅपवरचा बोजा कमी व्हायच्या ऐवजी वाढतो, तो का? आणि ट्रेड (खेळाडू दुसऱ्या संघाला देणे) झाल्यावर पगार कोणत्या संघाच्या खात्यात धरतात?

हिशेबनीस

आधी एक गोष्ट पक्की करा: खेळाडूच्या हातात पडणारी रोख आणि कॅपवर लागणारा आकडा या दोन वेगळ्या वह्या आहेत. बेस सॅलरी, म्हणजे करारातला त्या वर्षाचा मूळ पगार, ज्या वर्षी दिली त्याच वर्षी कॅपवर लागते. साइनिंग बोनस, म्हणजे करारावर सही केल्याबद्दलची रक्कम, मात्र लगेच दिला तरी कॅपवर कराराच्या वर्षांत समान वाटला जातो, जास्तीत जास्त पाच वर्षांत. सगळी गंमत या एका नियमात आहे.

डॅलसचा क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉट याचा २०२१चा करार बघा. चार वर्षे, १६ कोटी. साइनिंग बोनस ६ कोटी ६० लाख, पहिल्या वर्षाची बेस ९० लाख. म्हणजे पहिल्या वर्षाची रोख साडेसात कोटी. कॅप हिट, म्हणजे त्या वर्षी कॅपवर लागणारा आकडा, किती? बोनसचा पाचवा हिस्सा १ कोटी ३२ लाख, अधिक ९० लाख, एकूण २ कोटी २२ लाख. करार चार वर्षांचा असताना पाच हिस्से कसे पडले? कारण शेवटी व्हॉइड वर्षे जोडली होती. त्या वर्षांत खेळाडू खेळणारच नसतो, करार ठरल्या तारखेला आपोआप संपतो. ती केवळ बोनसचा भागाकार मोठा करण्यासाठी असतात.

रिस्ट्रक्चर म्हणजे हीच युक्ती चालू करारावर. समजा एका अनुभवी खेळाडूच्या करारात २०२५ धरून चार वर्षे उरली आहेत आणि यंदाची बेस २ कोटी १२ लाख ५५ हजार आहे. सात किंवा अधिक वर्षे खेळलेल्याची २०२५ची किमान बेस १२ लाख ५५ हजार. तेवढी ठेवून उरलेले २ कोटी बोनसमध्ये फिरवायचे. चार वर्षांत वाटले की दरवर्षी ५० लाख. यंदा दीड कोटीची जागा झाली. पुढच्या तीन वर्षांवर प्रत्येकी ५० लाखांचा भार चढला. एक व्हॉइड वर्ष जोडले तर हिस्सा ४० लाख आणि यंदाची जागा १ कोटी ६० लाख.

यात खेळाडूचा एक डॉलरही कमी होत नाही, उलट हंगामात आठवड्याला मिळायचे पैसे आधीच हातात येतात. त्यामुळे बहुतेक मोठ्या करारांत संघाला हे परस्पर करण्याचा हक्क लिहिलेलाच असतो. बातम्यांत ‘संघासाठी पगार सोडला’ असे येते तेव्हा दहापैकी नऊ वेळा हे झालेले असते. पगारकपात ही वेगळी गोष्ट, तिला खेळाडूची सही लागते.

चौथा_डाऊन

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एकच: वाटून ठेवलेला बोनस माफ होत नाही. खेळाडू गेला की उरलेले सगळे हिस्से एकदम पुढे येतात. त्यालाच डेड मनी म्हणतात.

उदाहरण घ्या. ५ कोटींचा साइनिंग बोनस, पाच वर्षे, म्हणजे दरवर्षी १ कोटी. दोन वर्षे झाली. तिसऱ्या वर्षाची बेस २ कोटी, गॅरंटी नसलेली, म्हणजे काढल्यास द्यावी न लागणारी. ठेवला तर कॅप हिट ३ कोटी. १ जूनच्या आत काढला तर बेस वाचते, पण बोनसचे तीन हिस्से एकत्र येतात, म्हणजे ३ कोटी डेड मनी. फायदा शून्य. आता त्या बेसपैकी १ कोटी गॅरंटीचे असते तर काढल्यावर ४ कोटी लागले असते, ठेवल्यावर ३. ‘काढला की बोजा वाढतो’ तो असा.

१ जूननंतर काढल्यास यंदा फक्त १ कोटी लागतो आणि उरलेले २ कोटी पुढच्या वर्षी. प्रत्येक संघाला वर्षाला दोन खेळाडूंवर ही सवलत आधीच, मार्चमध्ये, जाहीर करता येते. पण इथे बरेच जण फसतात: खेळाडू मार्चमध्ये मोकळा झाला तरी २ जूनपर्यंत त्याचा पूर्ण ३ कोटींचा आकडा संघाच्या वहीतच राहतो. म्हणजे सुटलेले २ कोटी मार्चच्या खरेदीला मिळत नाहीत. ते नवोदितांचे करार आणि हंगामातला खर्च यांच्याच कामी येतात.

ट्रेडमध्ये दिलेल्या बोनसचे उरलेले हिस्से जुन्या संघाकडे, पुढची बेस आणि पुढचे रोस्टर बोनस (ठरल्या तारखेला संघात असल्याबद्दलचे) नव्या संघाकडे. ट्रेडला ‘१ जूननंतर’ असा आगाऊ शिक्का मारता येत नाही. तो फायदा हवा तर ट्रेड खरोखरच त्या तारखेनंतर करावा लागतो.

सगळ्यात बोलके उदाहरण क्वार्टरबॅक रसेल विल्सनचे. डेन्व्हरने सप्टेंबर २०२२ मध्ये त्याला २४ कोटींहून मोठी मुदतवाढ दिली आणि तिचे पहिले वर्ष सुरू होण्याआधीच, मार्च २०२४ मध्ये, सोडले. डेड मनी साडेआठ कोटी: २०२४ला ५ कोटी ३० लाख, २०२५ला ३ कोटी २० लाख. तरीही तेव्हाच का सोडला? कारण मार्चमध्ये सुरू होणाऱ्या लीग वर्षाच्या पाचव्या दिवशी त्याचे २०२५चे ३ कोटी ७० लाखही गॅरंटीचे झाले असते. करार वाचताना एकूण रकमेपेक्षा या मार्चच्या तारखा आधी बघाव्यात. पिट्सबर्गने त्याला फक्त १२ लाख १० हजारांत घेतले त्यामागे ऑफसेटचे कलम होते. डेन्व्हर त्या वर्षाचे ३ कोटी ९० लाख देणे लागतच होता, आणि नवा संघ जेवढे देईल तेवढी जुन्याची देणी कमी होतात. मग पिट्सबर्गने किमानपेक्षा जास्त देऊन कुणाचे भले केले असते?

लेफ्ट_टॅकल

वरचे दोन्ही प्रतिसाद चोख आहेत. ऑगस्टमध्ये दिसणारा मोकळा आकडा का फसवा असतो तेवढे जोडतो.

ऑफ-सीझनला सगळ्यात मोठे ५१ कॅप आकडेच मोजतात (बाकीच्यांचे बोनसचे हिस्से आणि डेड मनी धरून). म्हणून १२ लाखांचा नवोदित आला की ५१वा, समजा ८ लाख ४० हजारांचा, यादीतून खाली सरकतो आणि निव्वळ वाढ फक्त ३ लाख ६० हजारांची होते. हंगाम सुरू झाला की ही सूट संपते. मग मुख्य संघातले ५३ जण, जखमींच्या यादीतले आणि प्रॅक्टिस स्क्वॉड (सरावासाठी ठेवलेले राखीव खेळाडू), सगळे मोजायचे. १६ जणांचा प्रॅक्टिस स्क्वॉड २०२५च्या किमान १३ हजार डॉलर आठवडा दराने १८ आठवड्यांत ३७ लाखांच्या पुढे जातो. जखमी खेळाडूचा आकडा वहीत राहतोच, शिवाय त्याच्या जागी येणाऱ्याचा वर चढतो. शहाणा संघ म्हणूनच हंगामात शिरताना ५० लाख ते १ कोटी हाताशी ठेवतो.

इन्सेंटिव्हचा, म्हणजे कामगिरीवर मिळणाऱ्या बोनसचा, नियम सोपा आहे. गेल्या वर्षी जे गाठले ते यंदा ‘संभाव्य’ धरून आताच कॅपवर. जे गाठले नव्हते ते मिळवले तर पुढच्या वर्षी वजा. गेल्या हंगामात ९८० यार्ड केलेल्या रिसीव्हरला ९०० यार्डांवर बोनस ठेवला तर तो आजच मोजला जाईल, १,००० वर ठेवला तर नाही. तो वीस यार्डांचा फरक योगायोगाने येत नसतो. हिशेब मात्र त्याच संघाच्या पुढच्या वर्षावर बसतो, आणि जानेवारीत चाहत्यांना अचानक कॅप घटलेली दिसते.

गोलपोस्ट

झकास, आता चित्र स्पष्ट झाले. मग हे दरवर्षी पुढे ढकलत राहिले तर कधीतरी सगळे एकदम अंगावर येणार ना? का येत नाही?

हिशेबनीस

कॅप वाढत राहते म्हणून. ती लीगच्या उत्पन्नाशी बांधलेली आहे, सध्याच्या करारानुसार खेळाडूंचा वाटा किमान ४८ टक्के. २०२१ला १ कोटी म्हणजे कॅपचे साडेपाच टक्के होते. २०२५ला तेच १ कोटी ३.६ टक्के. बिनव्याजी उधारी, त्यात फेडायच्या वेळी डॉलर स्वस्त. म्हणून ढकलण्यात तत्त्वतः काही चूक नाही. चूक होते ती कुणाचे ढकलले यात. पंचविशीतल्या टॅकलचे हिस्से पुढे नेले तर तो तेव्हाही मैदानावर असेल. चौतिशीतल्या पास रशरचे नेले तर आकडा राहतो आणि माणूस जातो.

आणि कॅप एकदा खरेच घसरली. जवळपास प्रेक्षकांविना झालेल्या हंगामानंतर २०२०च्या १९ कोटी ८२ लाखांवरून २०२१ला १८ कोटी २५ लाख. वर्षानुवर्षे ढकलत आलेले न्यू ऑर्लीन्स सेंट्स तेव्हा कात्रीत सापडले. त्यांचा क्वार्टरबॅक ड्रू ब्रीजने निवृत्तीआधी अडीच कोटींची बेस १० लाख ७५ हजारांवर आणली आणि कागदोपत्री निवृत्ती १ जूननंतर नोंदवली, जेणेकरून उरलेला बोनस दोन वर्षांत जवळपास निम्मा-निम्मा पडावा.

ऑफसाइड

आपल्या ओळखीच्या फुटबॉलशी तुलना करणाऱ्यांसाठी: युरोपात बोनसऐवजी ट्रान्स्फर फी कराराच्या वर्षांत वाटतात. चेल्सीने आठ-आठ वर्षांचे करार केले ते याचसाठी, आणि २०२३च्या उन्हाळ्यापासून युएफाने (युरोपीय फुटबॉलची संघटना) तिथेही पाच वर्षांची मर्यादा घातली. २०२५-२६पासून युएफाच्या स्पर्धांत पगार, फीचे हिस्से आणि एजंट मिळून खर्च उत्पन्नाच्या ७० टक्क्यांत बसवायचा आहे. ही टक्केवारी ज्याच्या त्याच्या उत्पन्नावर, म्हणून श्रीमंत क्लबची मर्यादा आपोआप मोठी. एनएफएलमध्ये मूळ आकडा ३२ संघांना सारखा. फरक पडतो तो गेल्या वर्षी न वापरलेली रक्कम पुढे नेल्यामुळे आणि इन्सेंटिव्हच्या हिशेबामुळे.

चौथा_डाऊन

कुणीतरी विचारेलच म्हणून: मार्चमध्ये नवे लीग वर्ष सुरू होते त्या दुपारी, पूर्व अमेरिकेच्या वेळेनुसार चार वाजता, प्रत्येक संघ कॅपच्या आत हवा. त्यानंतर जो करार संघाला वर नेईल तो लीग मंजूरच करत नाही. म्हणून उघड उल्लंघन फारसे दिसत नाही. मोठी शिक्षा झाली ती २०१२ला, आणि तीही कॅप नसलेल्या २०१० या वर्षासाठी. वॉशिंग्टन आणि डॅलस यांनी त्या वर्षात कराराचे जड हिस्से कोंबले होते, म्हणून दोन वर्षांत मिळून त्यांच्या कॅपमधून अनुक्रमे ३ कोटी ६० लाख आणि १ कोटी कापले. ती रक्कम २८ संघांच्या कॅपमध्ये वाटली; त्याच वर्षी काहीसे तसेच केलेल्या रेडर्स आणि सेंट्सना शिक्षा झाली नाही, पण वाटाही मिळाला नाही.